दातांच्या नोंदीतला कोपरा (⏌) कॉम्प्युटरवर कसा लिहायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: डेंटिस्टच्या केसपेपरवर आकड्याला लागून काटकोनी रेघ असते, ती टाइप कशी करायची, आणि पाठवल्यावर समोरच्याला चौकोन किंवा प्रश्नचिन्ह का दिसतं?

आधी ती रेघ काय सांगते ते बघा. रुग्ण आपल्याकडे तोंड करून बसलाय असं धरून अधिकचं चिन्ह काढायचं, की तोंडाचे चार भाग पडतात. त्या चिन्हाचा जो कोपरा दाताला लागतो तेवढाच लिहायचा. मधल्या रेषेपासून दात १ ते ८ मोजायचे, दुधाच्या दातांना ए ते ई अक्षरं. म्हणून ६⏌ ही रुग्णाची वरची उजवी पहिली मोठी दाढ, ⎿६ वरची डावी, ⎾६ खालची डावी, ६⏋ खालची उजवी. झिग्मोंडी यांनी १८६१ मध्ये आणि पामर यांनी १८७० मध्ये (दोघेही दंतवैद्य) मांडलेली ही पद्धत हाताने लिहायला फार सोयीची आहे. टाइप करताना मात्र अडचण येते.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, या कामासाठी वेगळी १५ चिन्हं आहेत. जपानच्या जेआयएस एक्स ०२१३ या मानकात ती होती, तिथून २००२ मध्ये युनिकोड ३.२ मध्ये आली. त्यांचे क्रमांक दशमानात ९१५० ते ९१६४. ⎾ हे ९१५०, ⎿ हे ९१५१, ⏋ हे ९१६३ आणि ⏌ हे ९१६४. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंचे दात एकत्र लिहायला ⏊ (वरचे) आणि ⏉ (खालचे) आहेत, जसं २१⏊१२. बाकीच्यांत वर्तुळ, त्रिकोण आणि लाट असलेली रूपं आहेत. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर फाइलमध्ये साठवायची पद्धत) यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आपल्या 'क' इतकेच.

चौकोन दिसला तर घाबरू नका. माहिती शाबूत असते, फक्त त्या फाँटमध्ये आकृती नसते. फाँट बदलला की दिसते. प्रश्नचिन्ह दिसलं तर मात्र बहुतेकदा कुणीतरी फाइल ही चिन्हं नसलेल्या जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) साठवलेली असते आणि मूळ चिन्ह पुसलं गेलेलं असतं. एका दवाखान्याच्या नोंदी नव्या प्रणालीत आणताना माझ्यासमोर हेच झालं. '?६' असं शेकडो ठिकाणी. डाव्या दोनपैकी कुठली दाढ? वरची की खालची हेच हरवलं, तर त्या नोंदीवर उपचार कसा करायचा? आम्ही कागदी केसपेपर काढून एकेक नोंद पुन्हा भरली.

त्याच कामात दुसरी चूक सापडली, ती जास्त फसवी. अर्ध्या नोंदींत ⏌ ऐवजी ┘ होतं. हे तक्ते आखायचं चिन्ह, क्रमांक ९४९६. डोळ्याला जवळपास सारखं, पण कॉम्प्युटरला पूर्ण वेगळं, आणि युनिकोडचं सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची प्रक्रिया) या दोघांना एक करत नाही. त्यामुळे एकाचा शोध घेतला की दुसऱ्याच्या नोंदी येतच नव्हत्या. गणितातलं ⌊ वापरलं तरी तेच होतं.

शिवाय कागदावर आडवी रेघ वरच्या दातांसाठी आकड्याखालून आणि खालच्या दातांसाठी आकड्यावरून जाते. साध्या मजकुरात चिन्ह आकड्याशेजारी उभं राहतं, रेघ ताणली जात नाही. तेवढं छापील रूप हवंच असेल तर पानाच्या मांडणीत आकड्याला खालची (खालच्या दातांसाठी वरची) आणि बाजूची किनार द्या.

तुम्ही नोंदी साठवणार असाल तर माझा आग्रह आहे की डेटाबेसमध्ये एफडीआयचे (जागतिक दंतवैद्यक संघटनेचे) दोन अंकी क्रमांक ठेवा, पहिला अंक तोंडाचा भाग आणि दुसरा दात: ६⏌ साठी १६, ⎿६ साठी २६, ⎾६ साठी ३६, ६⏋ साठी ४६. दुधाच्या दातांचे भाग ५ ते ८. कोपरा पडद्यावर दाखवतानाच तयार करा. नुसता एखादा निरोप किंवा लेख लिहायचा असेल, तर वरची चिन्हं इथूनच कॉपी करा आणि फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा.