कोरियात शाळेत शिकवायला जातेय, पूर्ण शाकाहारी आहे, शाळेतलं जेवण चालेल का?

चालेल, पण त्याच्या भरवशावर राहू नका, डबा न्याच. मी इथे सरकारी शाळेत शिकवते, दुपारी मुलं आणि शिक्षक एकाच कँटीनमध्ये जेवतात आणि महिन्याचा मेन्यू आधीच मिळतो, त्यात प्रत्येक पदार्थापुढे अ‍ॅलर्जीचे नंबर असतात, तेवढे पाठ केले की कोरियन वाचता आलं नाही तरी बरंचसं कळतं:

१ अंडं
९ कोळंबी
१० डुक्कर
१५ चिकन
१६ बीफ
१७, १८ स्क्विड आणि शिंपले

फक्त एक लक्षात ठेवा, ही यादी अ‍ॅलर्जीसाठी आहे, शाकाहारासाठी नाही. सुकवलेल्या छोट्या माशांचा (म्योल्ची) नंबर त्यात नाहीच, आणि साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणी बऱ्याचदा त्याचंच असतं, किमचीतसुद्धा (आंबवलेल्या भाज्यांचं कोरियन लोणचं) बहुतेक वेळा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. म्हणजे हमखास उरतो तो भात, कधी फळ. जेवणाचे पैसे शिक्षकांना भरावे लागतात, त्यामुळे खाणार नसाल तर रुजू होतानाच सोबतच्या कोरियन शिक्षिकेला सांगून टाका, कोणी वाईट वाटून घेत नाही, "मग खाता तरी काय?" हे मात्र रोज ऐकावं लागेल. डाळ-मसाले सोलला इतेवॉनमध्ये मिळतात.