वाचक विचारतात : शेवया आणि इन्स्टंट नूडल्स

प्रश्न : मे महिन्यात गच्चीवर शेवया खडखडीत वाळतात, तरी उकळतं पाणी ओतून झाकल्या तर कच्च्याच राहतात. इन्स्टंट नूडल्स कशा होतात? हे कोणी शोधलं, आणि घरी जमेल का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : शेवई म्हणजे वाळवलेली कच्ची कणीक. पाण्यासोबत तिला शिजायचंही असतं आणि ओतलेलं पाणी तोवर निवतं. शिवाय उन्हात ती सावकाश आकसत घट्ट होते, पाणी आत शिरायला वाट उरत नाही.

ही गाठ सोडवली मोमोफुकु आंदो यांनी. 1910 साली तैवानमध्ये जन्मलेला हा माणूस ओसाकाजवळच्या इकेदा गावी घरामागच्या शेडमध्ये प्रयोग करत होता. नूडल्स आधी वाफवायच्या, म्हणजे पीठ शिजतं, मग तळायच्या. तेलात पाण्याची झटक्यात वाफ होते आणि ती निघताना बारीक छिद्रं ठेवून जाते. 25 ऑगस्ट 1958 ला ‘चिकन रामेन’ बाजारात आलं, तेव्हा आंदो 48 वर्षांचे होते. मसाल्याची पुडी नव्हती, चव नूडल्समध्येच मुरवलेली.

घरी करायचं तर पाव किलो मैदा, पाऊण चमचा मीठ, चिमूटभर पापडखार आणि साधारण 90 मिली पाणी. पीठ घट्टच हवं. अर्धा तास झाकून ठेवा. बारीक जाळीच्या सोऱ्यातून पातळ थरात पाडा, 8 मिनिटं वाफवा, मोकळ्या करून पंख्याखाली वरचा ओलावा जाऊ द्या. ही पायरी गाळली तर तेल उडतं. मध्यम आचेवर, 150 अंशांच्या आसपास, बुडबुडे थांबेपर्यंत तळा. तेल फार तापलं की बाहेरून लाल, आत ओलं. अशा नूडल्सना बुरशी लागते. पाणी ओतून मधोमध कडक कण लागला, तर वाफ कमी पडली समजा.

तळलेला माल आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर खवट होतो. ताजं तेल वापरा, डबा काठोकाठ भरून अंधारात ठेवा, आठवड्यात संपवा.

प्रश्न : कपातल्या नूडल्स तळाशी का नसतात?

उत्तर : 1971 च्या ‘कप नूडल’मध्ये आंदोंनी गठ्ठा कपाच्या तळापेक्षा रुंद ठेवला, म्हणून तो मध्येच अडकतो. खाली गरम पाणी साठतं, वाफ वर चढते, आणि वाहतुकीत नूडल्स आपटून मोडत नाहीत. गठ्ठा कपात टाकताना तिरका व्हायचा, म्हणून कपच वरून उलटा घालायचं ठरलं.