काळ्या जमिनीत पीव्हीसी पाईप मातीच्या वजनाने चेपतो का? किती खोल गाडावा?

तुमचा प्रश्न असा की विहिरीपासून वरच्या पट्टीपर्यंत 4 इंची पीव्हीसी टाकायचीय, जमीन काळी भारी, शेजारी म्हणतो 5 फूट खाली घाला नाहीतर चेपेल, दुकानदार म्हणतो जाड पाईप न्या, मग ऐकायचं कुणाचं? मी पाईपलाईनचीच कामं घेतो, माझ्या मते दोघंही अर्धवट सांगतायत.

आधी वजन बघा. ओली माती घनमीटरला साधारण 1.8 टन धरतात. म्हणजे 3 फूट मातीखाली तुमच्या 4 इंची, म्हणजे 110 मिमीच्या पाईपवर मीटरला पावणेदोनशे किलोच्या आसपास बसतात आणि 5 फुटांवर तीनशे. खोल गेलात की मातीचा भार वाढतो, कमी होत नाही! कमी होतो तो वरून जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकाचा, कारण तो खाली जाईल तसा पसरत जातो. म्हणून मला 3 फूट बरं वाटतं, नांगरही लागत नाही.

आता पीव्हीसीचं कसं असतं, वरून दाब आला की उभा व्यास कमी होतो आणि कुशी, म्हणजे डावी-उजवी बाजू, बाहेर फुगतात, पाईप आडव्या अंड्यासारखा होतो. वर-खाली आतल्या बाजूने ताण येतो, कुशीला बाहेरच्या बाजूने. सिमेंटचा पाईप असा वाकत नाही म्हणून त्याला याच चार रेषांवर लांबच लांब चिरा जातात. पीव्हीसी वाकतो, आणि कुशीला घट्ट माती असली तर ती त्याला फुगू देत नाही, म्हणजे वरचा भार अर्धा पाईप पेलतो अर्धा बाजूची माती, खरं तर मातीच जास्त. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या मार्स्टन नावाच्या इंजिनिअरने 1913 मध्ये चरातल्या पाईपवर किती भार येतो ते मांडलं आणि पुढे 1941 मध्ये स्पँगलरने वाकणाऱ्या पाईपचं सूत्र दिलं, त्यात बाजूच्या मातीचा घट्टपणा थेट येतो. अडीच मिमी भिंतीचा पाईप घेऊन 3 फुटांचा हिशोब केला तर नुसती ढकललेली माती असताना व्यास 5 टक्क्यांच्या आसपास दबतो, चांगल्या दाबलेल्या मुरमात एक टक्कासुद्धा नाही. साधारण 5 टक्के ही मर्यादा धरतात, म्हणजे सैल मातीत तुम्ही काठावरच. भिंत दीडपट जाड केली तर तोच आकडा सव्वादोनवर येतो, फायदा आहेच, पण मुरूम त्याहून स्वस्तात जास्त काम करतो.

त्यामुळे खरा घोळ चर बुजवताना होतो. जेसीबीवाला काढलेली ढेकळं तशीच बकेटने लोटतो, ढेकळं पाईपच्या कुशीत जात नाहीत, खाली पोकळी राहते, पहिल्या पावसात माती विरघळून बसते आणि पाईपला फुगायला जागा मिळते. तळाला दगड राहिला असेल तर वेगळंच, तिथे एका टोकावर सगळा भार येऊन खळगा पडतो. म्हणून तळाला 3-4 इंच बारीक मुरूम किंवा चाळलेली माती, मग पाईप, मग दोन्ही कुशीत हाताने माती भरून एक माणूस चरात उतरवून दोन्ही बाजूंनी सारखी पायाने दाबून घ्या, एकीकडेच दाबली तर पाईप सरकतो. पाईपच्या वर फूटभर येईपर्यंत असंच, त्यानंतर जेसीबीने लोटा, हरकत नाही. चरही अरुंदच ठेवा, छोटं बकेट लावायला सांगा. अरुंद चरात नवीन माती बसताना दोन्ही भिंतींना घासून थोडी अडकते, तेवढा भार पाईपवरून उतरतो.

गाडीवाट जिथे ओलांडायचीय तिथे सिमेंटचा पाईप कव्हर म्हणून घालाच, तिथे कंजुषी नको. आणि चढावर लाईन असेल तर एअर व्हॉल्व्ह, म्हणजे पाईपात हवा घेणारी झडप, विसरू नका, मोटर बंद झाली की पाणी उलटं खाली ओढलं जातं, आत निर्वात होतो आणि पातळ पाईप तेव्हाच चपटा होतो, मग लोक मातीला शिव्या घालतात.