दोन सूर्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहावर जीवसृष्टी असू शकते का?

हो, शक्यता नक्कीच आहे, पण अजून तसा खात्रीचा खडकाळ ग्रह सापडलेला नाही. केप्लर-१६बी हा 2011 मध्ये जाहीर झालेला ग्रह दोन ताऱ्यांभोवती साधारण 229 दिवसांत एक फेरी मारतो, आणि ते दोघे तारे एकमेकांभोवती 41 दिवसांत फिरतात, म्हणजे तिथे खरंच दोन सूर्यास्त दिसतील, फक्त तो ग्रह शनीएवढा आणि भयंकर थंड आहे त्यामुळे उभं राहायला जमीन नाही.

लोकांना वाटतं दोन ताऱ्यांच्या ओढाताणीत ग्रह टिकणारच नाही, पण तसं नाहीये. ताऱ्यांमधल्या अंतराच्या साधारण तीन-चार पट लांब असला की कक्षा आरामात स्थिर राहते. केप्लर-४७सी तर चक्क पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा पट्ट्यात आहे, पण तोही वायूचा. मला जास्त आशा अशा ग्रहांच्या चंद्रांकडून वाटते, खडकाळ मोठा चंद्र असेल तर का नाही?

दुसरा प्रकार म्हणजे तारे लांब लांब आणि ग्रह एकाच ताऱ्याभोवती. आपल्या शेजारच्या अल्फा सेंटॉरीचे दोन मुख्य तारे 80 वर्षांत एक फेरी घेतात आणि सगळ्यात जवळ येतात तेव्हाही सूर्य-शनी एवढं अंतर असतं, त्यामुळे पृथ्वीसारखी कक्षा तिथे सहज टिकेल.