पीएचडीची फी किती पडते ओ?

मागच्या जूनमधली गोष्ट. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर असलेले एक वडील मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "सर, पीएचडीची फी किती पडते ओ?" हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतोच. पोरगी एमएस्सी फिजिक्स, मटेरियल सायन्स घेतलेली. बाहेरदेशी ॲडमिशन करून देतो म्हणत एका एजंटाने अडीच लाख सांगितलेले, तो हिशोब सुताच्या बिलामागे लिहून आणला होता, खाली विमानभाडं वेगळं.

मी म्हटलं मामा, हे उलटं आहे, फी असते थोडीफार पण सायन्सच्या पीएचडीत फेलोशिप मिळवायची असते. सीएसआयआर-नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, निघाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. गेट आणि जेस्ट या प्रवेश परीक्षांच्या स्कोअरवरही बऱ्याच संस्था मुलाखतीला बोलावतात. जर्मनीत तर पीएचडी करणारा बऱ्याचदा विद्यापीठाचा पगारी माणूसच असतो, जागा निघते, आपण थेट प्रोफेसरकडे अर्ज करायचा, मधे एजंट कशाला? पैसे दर एक तारखेलाच पडतील असं मात्र मी सांगितलं नाही, इथे फेलोशिप कधीकधी महिनोन्महिने अडकते आणि ते घरच्यांना आधी माहीत असलेलं बरं.

वडील जरा सैल झाले पण पोरगी गप्पच. मग हळूच म्हणाली, "सर मला नाही घेणार कोण, माझा प्रोजेक्टच चुकलाय." कॉलेजात मोठी मशीन नाही म्हणून तिने घरच्या लॅपटॉपवर क्वांटम एस्प्रेसो हे अणू-इलेक्ट्रॉनांचं गणित करणारं सॉफ्टवेअर टाकून झिंक ऑक्साइडचा बँड गॅप, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, काढला होता (सॉफ्टवेअर फुकट आहे, चार अणूंचा सेल साध्या लॅपटॉपवर चालतो), पुस्तकात ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आणि हिचं उत्तर ०.८ च्या खाली. मी आधी फिजिक्सच शिकवायचो, त्यामुळे हसू आलं. बाळ, तू चुकली नाहीस, तू वापरलेलं पीबीई फंक्शनल, म्हणजे त्या गणितातलं अंदाजी सूत्र, बँड गॅप कमीच दाखवतं आणि झिंक ऑक्साइडमध्ये तर फारच कमी, म्हणून तर लोक हायब्रिड फंक्शनल नाहीतर डीएफटी प्लस यू अशा सुधारलेल्या पद्धती वापरतात.

तिने तोवर चाळीस प्रोफेसरांना एकच मेल पाठवला होता, रिस्पेक्टेड सर आय ॲम इंटरेस्टेड वगैरे. उत्तर एकाचंही नाही, येणार तरी कसं! मग आम्ही एकच प्रोफेसर निवडला, त्यांचा एक पेपर तिने आठवडाभर वाचला आणि मेलमध्ये सरळ लिहिलं की माझा गॅप इतका कमी आला, कारण हे वाटतं, पुढे यू घालून बघायचंय.

नवव्या दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं. के-पॉइंट किती घेतलेस, कन्व्हर्जन्सचा ग्राफ पाठव. म्हणजे गणिताची जाळी बारीक करत गेल्यावर उत्तर स्थिरावतं का ते दाखव. रात्री साडेदहाला वडिलांचा फोन, मागे लूमचा खडखडाट, "सर, ते ग्राफ मागायलेत म्हणे, त्याला काय पैसे लागतील का ओ?"