वासे उघडे ठेवून पडवीवर छप्पर घालायचं असेल तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गुहागरजवळ चिऱ्याचं कौलारू घर आहे, पुढे 20 फूट लांब आणि 12 फूट रुंद ओटा, तोंड पश्चिमेला. त्यावर छप्पर हवं आहे, पण खाली बसून वर पाहिलं की वासे दिसले पाहिजेत, फॉल्स सिलिंग नको. ठेकेदार म्हणतो कौलाच्या आकाराचा पत्रा मारू. गावचे सुतार म्हणतात नुसत्या रिपा (कौलं टेकायच्या आडव्या लाकडी पट्ट्या) मारा आणि कौलं चढवा. आर्किटेक्ट भाचा म्हणतो प्लायवूडवर शिंगल्स, म्हणजे खिळ्यांनी एकावर एक चढवायचे चपटे तुकडे. आता ऐकायचं कुणाचं?

मी दापोली तालुक्यात राहतो आणि स्वतःच्या घराला अशी पडवी दोनदा बांधली आहे. पहिली 2013 साली, ती पाच वर्षांत उतरवावी लागली. दुसरी 2018 च्या उन्हाळ्यात, ती उभी आहे. दोन्ही वेळा लाकूड चांगलंच होतं. फरक पडला तो वाशांच्या वर काय आहे त्यात. एरवी छपरात वायर, खिळ्यांची टोकं, उष्णता अडवणारा थर, गळतीचे डाग, सगळं वाशांच्या मधल्या पोकळीत लपतं आणि खालून सिलिंग मारलं की प्रश्न मिटतो. तुम्हाला ती सोय नाही. म्हणून वाशांच्या वरचे सगळे थर, त्यांची जाडी आणि प्रत्येक स्क्रूची लांबी, पहिला वासा चढायच्या आधी ठरलेली हवी.

आधी उताराचा हिशोब करा, कारण तिथेच तुमची खरी अडचण आहे. तुम्ही लिहिलं आहे की घराच्या वळचणीखाली भिंतीवर ओट्यापासून 11 फुटांवर जागा मिळते. पुढची तुळई 7 फुटांवर धरली तर उताराला मिळाले 4 फूट. 12 फुटांना 4 फूट म्हणजे तीनास एक, साधारण 18 अंश. मंगलोरी कौलाला दोनास एक, म्हणजे 26 अंशांच्या आसपास उतार लागतो. सुतारांनी सांगितल्याप्रमाणे नुसत्या रिपांवर कौलं घातलीत तर जुलैत पश्चिमेचा वारा पाणी कौलाच्या सांध्यातून उलटं वर ढकलेल आणि ते ओट्यावर ठिबकेल. सुतारांचं चुकत नाही. त्यांच्या डोक्यात जुन्या घराचा उतार आहे, तो इथे बसत नाही.

माझं मत असं की छप्पर पूर्ण 12 फुटांचं करूच नका. खांब भिंतीपासून 9 फुटांवर घ्या, पुढे दीड फूट वळचण सोडा. उतार 24 अंशांपर्यंत येतो (26 ला जी उणीव राहते ती खाली सांगितलेले थर सांभाळतात), साडेदहा फूट झाकले जातात, आणि वासा भरतो साडेअकरा फूट. म्हणजे 12 फुटी लाकडात बिनसांध्याचा वासा निघतो. वळचणीची कड ओट्यापासून सव्वासहा फुटांच्या जरा वर येईल. ती खाली वाटेल, पण पश्चिमेचं तोंड असताना ती खालीच हवी. आपल्याकडच्या जुन्या पडव्यांची पागोळी मुद्दाम खाली असायची, झड आत येऊ नये म्हणून. समुद्र दिसावा म्हणून पुढची बाजू उंच केलेल्या पडव्या मी पाहिल्या आहेत. पावसाळ्याचे चार महिने तिथे ताडपत्री बांधलेली असते आणि समुद्रही दिसत नाही. भिंतीला काटकोनात आढं काढून दुपाखी छप्पर करायचा मोहही टाळा. नवं पाखं जुन्या घराला मिळतं त्या घळीत पालापाचोळा साचतो आणि पाणी घरात उतरतं.

आता थर, खालून वर. वासे 2 बाय 6 इंचांचे, उभे, दर 2 फुटांवर. 2 बाय 4 वर भागवू नका. ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो, म्हणून चाराचे सहा इंच केले की वासा तिपटीहून जास्त ताठ होतो. उघड्या छतात वाकलेला वासा रोज डोळ्यांना दिसतो. वाशांवर आडव्या 18 ते 20 मिलिमीटर जाडीच्या नर-मादी फळ्या (एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते अशा), गुळगुळीत बाजू खाली. फळीचे स्क्रू फक्त वाशातच जाणार, मधल्या जागेत एकही नाही. फळ्यांवर रूफिंग अंडरले (कौलाखाली पाणी अडवणारा थर), वळचणीपासून सुरू करून वर, वरची पट्टी खालच्या पट्टीवर 6 इंच चढवून. त्यावर प्रत्येक वाशाच्या रेषेत उभ्या पट्ट्या, आणि त्यांच्यावर आडव्या रिपा आणि कौलं.

या उभ्या पट्ट्या बहुतेक ठिकाणी गाळल्या जातात, आणि माझी पहिली पडवी त्यांच्याविना गेली. मी फळ्यांवर काळा प्लास्टिकचा कागद पसरून आडव्या रिपा थेट त्यावर ठोकल्या होत्या. कौलाखाली आलेलं थोडंसं पाणी प्रत्येक रिपेच्या वरच्या कडेला अडायचं, खिळ्याच्या भोकातून फळीत मुरायचं, आणि कागदामुळे फळी वरून वाळायची नाही. तिसऱ्या पावसाळ्यात खालून काळे ओघळ दिसले. पाचव्या वर्षी वाशाला लागून फळीत बोट जात होतं. उभी पट्टी असली की पाणी रिपेच्या खालून निसटून थेट पागोळीला जातं, आणि कौलाखाली हवा खेळल्याने फळी तापतही नाही. पोकळीचं खालचं तोंड बारीक जाळीने बंद करा, नाहीतर वटवाघळं आणि उंदीर घर करतात.

रिपांचं अंतर कुणी आकड्यात सांगितलं तरी ते धरू नका. तुमच्याच कौलांच्या दोन ओळी जमिनीवर जोडून मोजा. सगळी कौलं एकाच कारखान्याची घ्या. वेगळ्या साच्याची कौलं एकमेकांत बसत नाहीत. पहिली, वळचणीची रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच हवी, म्हणजे पहिली ओळ खाली झुकत नाही. साडेअकरा फूट उताराला 23 फूट लांबी (ओट्याचे 20 आणि दोन्ही कडांना दीड-दीड फूट बाहेर) धरली तर सुमारे 25 चौरस मीटर होतात. चौरस मीटरला 15 कौलं, म्हणजे 370 च्या पुढे. 400 आणा आणि उरतील ती घराच्या मागे रचून ठेवा.

भाच्याचे शिंगल्स कमी उताराला चालतात, ते बरोबर आहे. पण शिंगलचा खिळा लाकडात पाऊण इंच रुतावा लागतो किंवा पातळ प्लायवूडच्या आरपार जावा लागतो. 12 मिलिमीटरच्या प्लायवर मारलेत तर खालून शेकडो टोकं दिसतील. ठेकेदाराच्या पत्र्यालाही तेच लागू आहे, शिवाय जोराच्या सरीत पत्र्याखाली बसून शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. तरीही पत्राच परवडणार असेल तर तो याच फळ्या, अंडरले आणि रिपांवर मारा, आणि स्क्रू रिपेत संपेल एवढ्याच लांबीचा घ्या. आवाजही पुष्कळ कमी होतो.

गोवा, मंगळूरकडच्या जुन्या घरांत कौलांखाली त्याच रिपांवर मातीची चपटी सिलिंगची कौलं बसवलेली दिसतात. खालून लाल चौकटी फार सुंदर दिसतात. घराच्या आत मी ती डोळे मिटून लावीन. पण तीन बाजूंनी उघड्या पडवीत वारा खालून शिरतो आणि सुटी कौलं उचलतो, म्हणून तुमच्या जागी फळ्याच.

वाऱ्याचं जरा सविस्तर लिहितो, कारण लोक पाण्याचाच विचार करतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या भागात किनाऱ्यावर आलं तेव्हा आमच्या तालुक्यातही छपरं आणि बागा आडव्या झाल्या. उघड्या पडवीला वारा वरून ओढतो आणि खालून ढकलतो. छपराचं वजन दीड टनाच्या वर असलं तरी त्याच्या भरवशावर राहू नका. वासा तुळईला नुसत्या खिळ्याने न धरता पट्टी आणि बोल्टने बांधा. खांब जुन्या रीतीने दगडी तळखड्यावर ठेवा, म्हणजे बुंध्याला ओल आणि वाळवी लागणार नाही, पण तळखड्यातून पायात उतरलेला लोखंडी गज किंवा प्लेट खांबाला बोल्ट केलेली हवी. बहुतेक मंगलोरी कौलांच्या पाठीवर तारेसाठी भोक असतं. खालच्या दोन ओळी, दोन्ही कडा आणि कोने तारेने रिपेला आवळा. मी त्या वर्षी फक्त खालची ओळ बांधली होती. ती राहिली, उत्तरेच्या कडेची चाळीसेक कौलं गेली. अंडरलेमुळे आठ दिवस खाली थेंब पडला नाही. वानरं कौलं फोडतात तेव्हाही हाच थर उपयोगी पडतो. आमच्याकडे शाकारणीला वर चढणारी माणसं आता वेळेवर मिळत नाहीत, त्यामुळे एक कौल फुटल्यावर धावपळ होऊ नये हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

भिंतीचा सांधा हा दुसरा नाजूक भाग. गवंडी तिथे सिमेंटचा वाटा (सांध्यात भरलेली तिरकी कड) मारून देतील. लाकडी छप्पर हलतं, चिरा हलत नाही, त्यामुळे वाटा पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो. चिऱ्यात इंचभर आडवी खाच कापून त्यात ॲल्युमिनियमची वाकवलेली पट्टी बसवा, ती वरच्या ओळीच्या कौलांवर किमान 6 इंच यायला हवी, आणि अंडरलेही भिंतीवर पट्टीच्या मागे चढवा. चिरा पाणी पितो, म्हणून पट्टीच्या वरचा भिंतीचा भाग गिलावा करून घ्या. जुन्या घराची पागोळी नव्या कौलांवर पडणार असेल तर जुन्या वळचणीला आधी पन्हळ लावा. नव्या छपरावरच तासाला 100 मिलिमीटरच्या सरीत दोन हजार लिटरच्या वर पाणी पडेल. त्यात घराचं पाणी मिळवू नका.

लाकूड किंजळ, ऐन किंवा उतरवलेल्या जुन्या घराचं सागवान, जे वाळलेलं मिळेल ते. ओला वासा चढवलात तर जागेवर पीळ घेतो. समुद्र जवळ आहे, तेव्हा स्क्रू स्टेनलेसचे. साध्या लोखंडी खिळ्यांनी सागवान आणि ऐनावर काळे डाग उतरतात. वाशांची वरची कड आणि पुढची टोकं यांना काजूच्या टरफलांचं तेल द्या, हातमोजे घालून, कारण ते कातडी भाजतं. दिसणाऱ्या बाजूला चकचकीत वार्निश नको, दमट हवेत त्याचे पापुद्रे सुटतात. साधं लाकडाचं तेल द्या, आणि फळ्या जमिनीवर असतानाच. वर चढल्यावर वाशांच्या मध्ये मान वाकडी करून ब्रश फिरवणं कुणाकडून नीट होत नाही.

पंख्याची आणि दिव्यांची जागा आजच ठरवा. फळ्यांवरच्या पोकळीतून वायरचा पाईप नेऊ नका. माझ्या दुसऱ्या पडवीत तसा नेला होता आणि रिपेचा एक स्क्रू त्यातून गेला. पहिल्या पावसात घरभर वीज जायला लागली, आणि जागा सापडायला कौलांच्या चार ओळी उतरवाव्या लागल्या. पाईप तुळईच्या आतल्या अंगाने उघडाच फिरवा, लाकडाच्या रंगाचा. डोळ्यांना दोन दिवसांत सवय होते.

लाकूड दिवाळीनंतर आणून सावलीत थरावर थर, मध्ये फटी ठेवून रचा. फेब्रुवारीत सांगाडा, मार्चमध्ये फळ्या आणि कौलं. एप्रिलच्या शेवटी एकाने वर पाण्याचा पाईप घेऊन आधी वळचणीच्या ओळीवर, मग हळूहळू वर सरकत शेवटी भिंतीच्या पट्टीवर, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं पाणी सोडायचं, आणि दुसऱ्याने खाली उभं राहून फळ्या बघायच्या. खालून वर याच क्रमाने करा, म्हणजे थेंब दिसला की तो कुठल्या ओळीतून आला ते लगेच कळतं आणि दुरुस्तीला मे महिना हातात राहतो.