मोटर बदलण्याआधी चाक उलटं फिरवून बघा

थ्रॉटल दिला की ई-सायकलची मोटर नुसती थरथरते, सायकल पुढे जात नाही आणि सर्व्हिसवाले अख्खी मोटर बदला म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यात पैसे देऊ नका. मागच्या चाकातल्या ३६ व्होल्ट, २५० वॅटच्या गिअरवाल्या हब मोटरला ही थरथर बहुधा हॉल सेन्सर (मोटर कुठल्या स्थितीत आहे ते कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, सांगणारे) किंवा फेज वायर (मोटरला करंट देणाऱ्या तीन वायरी) यांच्यामुळे येते.

आधी मोटरचा नऊ पिनांचा कनेक्टर उघडा. तीन जाड पिना फेजच्या, पाच हॉलच्या, एक स्पीड सेन्सरची. पावसाळ्यानंतर तिथे हिरवट गंज हमखास सापडतो. कनेक्टर सुटाच असताना चाक हाताने उलटं फिरवा. उलटंच, कारण आत वन-वे क्लच असतो. सरळ फिरवलं तर आतली मोटर हलतच नाही. जोडल्यावर चाक अडखळतं आणि काढल्यावर मोकळं होतं, तर बिघाड कंट्रोलरच्या मॉसफेटमध्ये, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये. काढूनही अडखळत असेल तर फेज वायर शॉर्ट झाल्यात, बहुतेक अ‍ॅक्सलच्या तोंडाशी. नट ढिला राहिला की अ‍ॅक्सल फिरतो आणि केबल पिळून निघते.

मग कनेक्टर जोडून, सायकल चालू करून हॉलच्या पिवळ्या, हिरव्या, निळ्या वायरवर मल्टिमीटर लावा आणि चाक हळूहळू उलटं फिरवा. प्रत्येकीवर ० आणि साधारण ५ व्होल्ट आलटून पालटून दिसायला हवेत. एकच मुकी, म्हणजे व्होल्ट न बदलणारी, असेल तर तो सेन्सर बदलून मिळतो, चांगला सोल्डरिंगवाला हवा. तिन्ही मुक्या असतील तर आधी लाल-काळ्या वायरवर ५ व्होल्ट येतात का बघा. प्रोब घसरू देऊ नका, शॉर्ट झालं तर चांगला कंट्रोलरही जाईल.

करकर आवाज असता तर मी नायलॉनच्या गिअरवर संशय घेतला असता. ते दात आणि व्यास जुळवून तिन्ही एकदम बदलायचे. बेअरिंग तर नंबर सांगून कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं.

वाइंडिंग काळं पडून जळका वास येत असेल किंवा मॅग्नेट सुटून घासत असतील, तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका. तेव्हाही त्याच मॉडेलचा नुसता कोअर, म्हणजे आतली मोटर, मिळतो का विचारा, म्हणजे रिम-स्पोक तसेच राहतात. पूर्ण चाकच घ्यावं लागलं तर ड्रॉपआउटची (फ्रेमच्या ज्या खाचांत चाक बसतं त्यांची) रुंदी, डिस्क ब्रेकची बसण आणि कनेक्टरच्या पिना जुळवूनच घ्या.

वॉरंटी शिल्लक असेल तर झाकणाच्या स्क्रूला हात लावू नका, वरच्या तपासण्या बाहेरूनच होतात. तिन्ही वायरींचं रीडिंग कळवा, पुढचं मग बघू.